कोल्हापूर की बेळगाव: गाळा कुठं घ्यावा?

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी हाच प्रश्न विचारला. तिघंही मशीन शॉपवाले, म्हणजे धातूचे सुटे भाग कापून-घडवून देणारे: दोन-तीन सीएनसी, एखादं व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणारी मशीनं), पाच-सात माणसं. "बिल परवडत नाही, बेळगावला गाळा बघू का?" मी २०२२ च्या सुरुवातीला बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गाळा घेतला होता. दीड वर्ष तिथं काढून कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत परत आलो. त्यामुळं जे अंगावर पडलं तेवढं सांगतो. तुमच्या कामाचं गणित वेगळं निघू शकतं, हे आधीच मान्य करतो.

वीज हा बेळगावचा खरा जमेचा मुद्दा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. महावितरणचं बिल हातात घेतलं की आकड्याआधी यादीच डोळ्यांत भरते: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. त्यातला इंधन समायोजन आकार या महिन्यात किती येईल हे धरून गिऱ्हाईकाला दर देता येत नाही. दरवाढ झाली की 'आम्ही कर्नाटकात जातो' हा इशारा कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी कितीदा दिलाय, आणि तो रागातून आलेला असला तरी पोकळ नाही. माझ्या त्याच दोन मशीनांवर, साधारण तेवढ्याच तासांना, हेस्कॉमचं (तिकडची सरकारी वीज कंपनी) बिल महिन्याला पाच-सहा हजारांनी कमी यायचं. मी मीटर लावून मोजलेलं नाही, पण वर्षभर हाच अनुभव होता.

माणसांच्या बाबतीत दोन्ही गावं तोलामोलाची. बेळगावचा फिटर हायड्रॉलिक्सच्या कामात वाढलेला, मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची) भाषा त्याला समजावून सांगावी लागत नाही. मात्र बेळगाव जिल्ह्यात हत्तरगीला विमानाच्या सुट्या भागांचे कारखाने झाल्यापासून चांगला पोरगा लहान गाळ्यात टिकवणं अवघड झालंय. व्यवसाय कराचा फरक लहान वाटतो, पण कामगाराला कळतो. सोळा हजार पगाराच्या पुरुष कामगाराचे महाराष्ट्रात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात, वर्षाचे २,५००. कर्नाटकात २५,००० च्या आत पगार असेल तर काहीच नाही. परत आल्यावर पहिल्या पगाराला माझ्या हेल्परनं ते २०० रुपये विचारले होते. बायकांना आपल्याकडंही २५,००० पर्यंत सूट आहे, ती २०२३ पासून.

आता अस्मितेचं. मी जायचं ठरवलं तेव्हा आमचे थोरले मामा दोन दिवस नीट बोलले नाहीत. "शाहू महाराजांच्या गावातनं उठून तिकडं कर भरणार?" त्यांचं वाईट वाटणं खरं होतं, आणि मलाही ते लागलं. पण कराचा हिशोब तसा चालत नाही. १ जुलै २०१७ पासून जीएसटी माल जिथं खपतो त्या राज्याकडं जातो. मी बेळगावात शाफ्ट केला, तो पुण्यात ट्रॅक्टरला लागला आणि ट्रॅक्टर बिहारच्या शेतकऱ्यानं घेतला, तर राज्याचा वाटा शेवटी बिहारला. गाळा कुठं आहे यावर राज्याला मिळतं ते वीज शुल्क, व्यवसाय कर, मुद्रांक शुल्क आणि माणसं बाजारात खर्च करतात ते. तेही थोडं नाही, पण 'आपला कर त्यांना दिला' असं म्हणण्याइतकं सरळही नाही.

'देशाला आम्ही पोसतो आणि आम्हालाच कमी मिळतं' हे तर दोन्हीकडं सारख्याच पोटतिडकीनं बोललं जातं. पंधराव्या वित्त आयोगानं केंद्रीय करांच्या वाटपात महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले, कर्नाटकाला ३.६४७. कर्नाटकाचा वाटा त्याआधी ४.७१३ होता, म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचं अख्खं सरकार दिल्लीत जंतरमंतरवर बसलं. उद्यमबागेतला माझा शेजारी हे आकडे सांगायचा तेव्हा मला आपल्याच एमआयडीसीतला कुणी बोलतोय असं वाटायचं.

आणि बेळगाव काही परकं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सुरुवात तिथंच केली. नगरपालिकेनं जागा सोडायला लावली, औंधच्या राजांनी कुंडल रोडचा माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. म्हणजे गाळा कुठं घ्यावा हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीही याच पट्ट्यात पडला होता. आजही तिथं मराठीत सगळा व्यवहार होतो, सरकारी कागद तेवढा कन्नडमध्ये येतो आणि शेजारी तो वाचून देतो. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, रोजच्या धंद्यात तो आडवा येत नाही. येतो तेव्हा मात्र एकदम येतो. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, त्या आठवड्यात माझा एमएच-०९ चा टेम्पो मी गाळ्यातून बाहेर काढला नाही.

तरीही मी परत आलो ते यातल्या कशामुळंही नाही, ई-वे बिलामुळं, म्हणजे माल गाडीतून हलवण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर काढाव्या लागणाऱ्या परवान्यामुळं.

माझं कास्टिंग (ओतीव कच्चा भाग) कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतून यायचं. माझ्याकडं टर्निंग (लेथवर कापून आकार देणं) झालं की इंडक्शन हार्डनिंगला, म्हणजे तापवून पृष्ठभाग कडक करायला जायचं आणि मग ग्राइंडिंगला, म्हणजे घासून नेमक्या मापात आणायला. बेळगावात असं तापवून कडक करायचं काम (हीट ट्रीटमेंट) होत नाही असं नाही, पण माझ्या गिऱ्हाईकानं मंजूर केलेली भट्टी कोल्हापुरात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही, चलन लिहिलं की टेम्पो निघतो. दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडं (आपल्या मालावर मजुरीनं काम करून देणाऱ्याकडं) पाठवायचं तर माल दोन हजारांचा असला तरी ई-वे बिल हवंच. माझा बेळगावचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होणारा, भट्टीवाल्याचा २७ नं. जाताना एक, येताना एक, वर परत आलेल्या प्रत्येक नगाचा हिशोब. आठवड्याला चार फेऱ्या. संध्याकाळी सहाला मशीन सोडून मी कॉम्प्युटरसमोर बसायचो.

जुलैमध्ये परत येताना संकेश्वरजवळ टेम्पोचा गिअरबॉक्स गेला. ड्रायव्हरनं माल दुसऱ्या गाडीत भरला, पण ई-वे बिलात गाडीचा नंबर बदलायचा राहिला. पुढं तपासणी पथकानं गाडी अडवली. चूक आमचीच होती, जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली दंड भरला आणि माल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुटला. पण ती रात्र पावसाची होती आणि ताडपत्री फाटकी. ग्राइंडिंग झालेले एकशे ऐंशी शाफ्ट, हातात घेतला तर बेअरिंगच्या जागेवर गंजाचे तांबूस ठिपके. अंगठ्यानं पुसले तर जात नव्हते. गिऱ्हाईकानं निम्मे परत पाठवले. विजेत वर्षभर वाचवलेल्यातला मोठा भाग त्या एका फेरीत गेला.

तुमचं काम एकाच छताखाली पुरं होत असेल किंवा गिऱ्हाईक हुबळी-बेंगळुरूकडचं असेल, तर बेळगाव जरूर बघा, विजेच्या बिलावर तुम्ही सुखी राहाल. चंदगड तालुक्यातलं शिनोळीही बघून या: माणसं बेळगावची, नोंदणी महाराष्ट्राची. वीज मात्र महावितरणचीच, आणि कोल्हापूरच्या भट्टीपर्यंतचा पल्ला तेवढाच. पण माल तीन-चार दारं फिरून तयार होत असेल आणि ती दारं शिरोली-गोकुळ शिरगावात असतील, तर मी तरी कोल्हापूर सोडा म्हणणार नाही. आता भट्टी माझ्यापासून वीस मिनिटांवर आहे. सकाळी गेलेला माल दुपारी चारला टेबलावर येतो, अजून कोमट असतो, आणि त्याच दिवशी ग्राइंडिंगला लागतो.