तीन आणि तेरा

मी साताऱ्यात घरून मुद्रितशोधन करते. गेली अठरा वर्षं लोकांच्या लिखाणातले ऱ्हस्व-दीर्घ आणि निसटलेले अनुस्वार वेचून काढण्यावर माझी चूल पेटते. म्हणून चार आकडे नीट न वाचल्यामुळे माझे साडेसतरा हजार गेले, हे सांगताना कानकोंडं व्हायला होतं. पण गेल्या पंधरवड्यात ओळखीतल्या दोघींनी ‘स्वस्तातला कॉम्प्युटर सेट कुठं मिळेल गं?’ असं विचारलं, तेव्हा लाज बाजूला ठेवली.

माझं जुनं यंत्र विंडोज १० वर चालायचं. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले आणि पडद्यावर रोज तशा सूचना झळकू लागल्या. माझ्या यंत्रावर विंडोज ११ चढत नव्हतं. दिवाळी अंकांचे पैसे नुकतेच हातात आले होते. वीस हजारांच्या आत सेट बसवायचा, तर रिफर्बिश्डच घ्यायला हवा, म्हणजे कंपन्यांनी वापरून काढलेली, साफसूफ करून परत विकायला आलेली यंत्रं. ही वस्तू मुळात वाईट नव्हे. माझ्या एका प्रकाशकांचं अख्खं ऑफिस तसल्याच यंत्रांवर चालतं.

तेवढ्यात पुण्यातल्या एका दुकानाचा व्हॉट्सॲप मेसेज आला. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०, आय५, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११, २२ इंची फुल एचडी मॉनिटर, कीबोर्ड-माउस, एक वर्ष वॉरंटी, पूर्ण सेट १८,५००. मी अगदीच भोळी नाही, मॉडेलचं नाव टाकून नेटवर शोधलं. २०२३ चं मॉडेल, आत इंटेलचा तेराव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू; पिढीचा आकडा जितका मोठा तितका तो नवा. मी हरखलेच. दुकानदाराला लिहिलं, ‘दादा, हे २०२३ चंच ना?’ दोन मिनिटांत उत्तर, ‘हो ताई, तेच. लीज संपलेला लॉट आहे, म्हणून रेट कमी.’

आता ग्यानबाची मेख ऐका. ऑप्टिप्लेक्स ७०१० नावाची यंत्रं दोन आहेत. एक २०२३ चं. दुसरं २०१२ चं, तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचं. नाव तेच, आकडा तोच, मधे अकरा वर्षं. कंपनीने यात काही लपवलेलं नाही, दोन्हींची माहिती तिच्या संकेतस्थळावर वेगवेगळी दिलेली आहे. लपवलं ते विकणाऱ्याने.

पुण्याला अप्पा बळवंत चौकात प्रुफं द्यायला जायचंच होतं, तशीच पुढे दुकानात गेले. सेट जोडून ठेवलेला होता, सीपीयूच्या डब्याची पाठ भिंतीला चिकटवून. ‘बघा ताई,’ म्हणत त्याने बटण दाबलं आणि पंधरा-वीस सेकंदांत विंडोज ११ समोर. माझं जुनं यंत्र सुरू होईतो चहा व्हायचा, त्यामुळे मी तिथेच विरघळले. हा वेग एसएसडीचा, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान साठवणीचा असतो, प्रोसेसर कितीही म्हातारा असला तरी तो येतो, हे मला कुठं ठाऊक? दर्शनी बाजूला आय५ चा स्टिकर होता, तो मी वाचला. प्रोसेसरची पिढी सांगणारे पुढचे आकडे त्या स्टिकरवर नसतात.

मग बिल. ‘पक्कं हवं तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल ताई, उगाच कशाला?’ म्हणजे ३,३३० रुपये वाचत होते, आणि मी ते वाचवले. हातात आली ती एस्टिमेट लिहिलेली कच्ची पावती. तिच्यावर एकच ओळ: ‘कॉम्प्युटर सेट, १ नग, १८,५००.’ मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, वॉरंटीचा शब्द नाही. दुसऱ्याच्या पुस्तकात अशी ओळ आली असती तर मी समासात तीन प्रश्नचिन्हं काढली असती. जुना डबा एक्स्चेंजमध्ये एक हजाराला गेला, तोही आतल्या हार्ड डिस्कसकट. उरलेले १७,५०० यूपीआयने दिले.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मॉनिटरने छळायला सुरुवात केली. अक्षरं पिंजल्यासारखी दिसायची. ‘वर्षात’ आणि ‘वर्षांत’ यांत फरक एका टिंबाचा, आणि इथे रफार नि अनुस्वार मिळून एकच काळा डाग व्हायचा. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, ‘नवीन स्क्रीनची सवय व्हायला वेळ लागतो ताई. चष्म्याचा नंबर तपासलाय का?’ खरं सांगते, मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नंबर होता तेवढाच होता. मधल्या काळात एका कादंबरीच्या शेवटच्या प्रुफात माझ्या हातून चार अनुस्वार निसटले. लेखक सज्जन, काही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

नाताळच्या सुट्टीत नणंदेचा मुलगा आला. तो एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्ती-देखभाल बघतो. त्याने डबा नुसता फिरवला आणि म्हणाला, ‘मामी, हे कुठून आणलंत? मी पाचवीत होतो तेव्हाचं आहे हे.’

डब्याच्या पाठीला एक जांभळं आणि एक हिरवं अशी दोन गोल भोकं होती, जुन्या तऱ्हेच्या कीबोर्ड-माउससाठी. शेजारी नऊ टाचण्यांचा सिरियल पोर्ट. मॉनिटर जोडायची हल्लीची एचडीएमआयची खाच नाहीच. मॉनिटर जोडलेला होता निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलने. मग त्याने सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडून दाखवलं: आय५-३४७०. ‘आडव्या रेघेनंतर चार आकडी संख्या असेल तर पहिला आकडा पिढीचा. ही तिसरी. तुम्हाला हवं होतं त्यात १३५०० असं काही असतं, पाच आकडी, तिथे पहिले दोन आकडे बघायचे. ती तेरावी.’

तीन आणि तेरा. माझ्या पैशांचे तीनतेरा वाजले ते असे.

डब्यावरच्या स्टिकरवर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. तो डेलच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र कंपनीतून कधी बाहेर पडलं ते कळतं. माझं निघालं २०१३ चं. हे दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर बघता आलं असतं, पैसे देण्याआधी, फुकट.

आणि विंडोज ११? त्यासाठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय. माझ्या डब्यात टीपीएम १.२ होतं. म्हणजे तपासणी चुकवून विंडोज ११ कोंबलेलं. अशी पळवाट काढून ते चालतं, पण अशा यंत्राला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या धाकाने मी जुनं यंत्र विकलं, तोच धाक पैसे मोजून घरी आणला होता. वर भाचा म्हणतो कसा, ‘मामी, विंडोज १० ला घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळत होती की. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसेही पडत नव्हते.’ हे ऐकून मी थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसले.

मॉनिटरची कथा तर आणखी खालची. घरातल्या शिवणाच्या टेपने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं, साडेएकोणीस इंच. डिस्प्ले सेटिंगमध्ये शिफारस १६०० बाय ९०० ची, म्हणजे फुल एचडीसुद्धा नाही, त्याला १९२० बाय १०८० लागतं. दिवे घालवून पडदा पूर्ण काळा केला तर दोन कोपऱ्यांत पांढुरके ढग. भाच्याच्या मते जुन्या मॉनिटरचं पॅनेल काढून नव्या चकचकीत प्लास्टिकमध्ये बसवलं होतं. मागे कधी न ऐकलेल्या नावाचा स्टिकर, त्याच्या कडेने जुन्या डिंकाची चौकट. भारतात विकायच्या अशा मॉनिटरवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून खरा-खोटा बघता येतो. माझ्या मॉनिटरवर तपासायला क्रमांकच नव्हता. भाच्याच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने अख्ख्या सेटची किंमत ‘आठ, फार तर नऊ हजार’ सांगितली.

दुकानदाराला फोन केला. आता मी ‘ताई’ राहिले नव्हते. ‘मॅडम, तुम्ही ७०१० मागितला, मी ७०१० दिला. आय५ म्हणालो, आय५ आहे. दुकानात चालू करून दाखवलं. अजून काय पाहिजे?’ बोलण्यात मी हरले असते. पण ‘हो ताई, तेच’ हे त्याचंच वाक्य माझ्या फोनमध्ये लिहिलेलं होतं, आणि यूपीआयची नोंद होती. पावती कच्ची असली तरी या दोन गोष्टी पक्क्या होत्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि प्रकरण तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा म्हणाल्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि ती ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्याही भरता येते. मी तक्रारीचा मसुदा लिहून काढला. निदान तो तरी निर्दोष लिहिला. चॅटच्या फोटोंसह तो दुकानदाराला पाठवला. दुसऱ्या दिवशी फोन. ‘मॅडम, एवढं कशाला ताणताय?’

घासाघीस होऊन त्याने मॉनिटर परत घेतला आणि पाच हजार दिले. डबा घ्यायला तयार नव्हता, आणि आयोगाच्या तारखांना खेटे घालायची माझी ताकद नव्हती. चुकलं असेल माझं, पण मी तिथेच थांबले. जुन्या हार्ड डिस्कचं विचारलं तर ‘लॉटमध्ये गेली’ एवढंच. बँकेपासून ईमेलपर्यंत सगळे पासवर्ड बदलण्यात एक रविवार गेला.

नवा मॉनिटर गावातल्याच दुकानातून घेतला, पक्क्या बिलावर, सिरियल नंबर लिहून. त्याला एचडीएमआय आणि डब्याला डिस्प्लेपोर्ट, म्हणून वेगळी केबल घ्यावी लागली. आता ‘वर्षांत’ स्वच्छ दिसतं. मोठी पीडीएफ उघडली की डब्याचा पंखा घरघरतो, तेव्हा फाइल तुकड्यांत उघडते.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी फोन वाजला. त्याच दुकानाचा मेसेज, तिळगुळाचं चित्र, खाली ‘ऑप्टिप्लेक्स ७०१०, आय५, विंडोज ११, पूर्ण सेट फक्त १६,९९९’. माझा नंबर त्याच्या यादीतून काढायचा राहून गेलाय.