फाउंड्रीतलं तीन दिवसांचं ट्रेनिंग: पाचपैकी चार स्टार

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातू वितळवून ओतकाम करायचा कारखाना) मोल्डिंग लाईनला, म्हणजे मातीचे साचे बनवतात तिथं, सुपरवायझर आहे मी. आधी आमच्याकडं ट्रेनिंग म्हणजे हॉटेलातला एसी हॉल, स्लाइडा, मग जेवण, शेवटी कार्यक्रम कसा वाटला म्हणून फॉर्म, सगळे 'उत्तम' वर टिक करून घरला. ह्या खेपेला बोलवलेले ट्रेनर सर आल्या आल्या म्हणाले हॉल राहू दे, मला सँड प्लांटवर न्या, साच्याची माती तयार होते तिथं.

तिथंच फरक पडला बघा. मातीत ओल जास्त झाली की कास्टिंगमध्ये (ओतलेल्या मालात) ब्लोहोल म्हणजे पोकळ भोकं येतात एवढं पोरांना माहीत होतं, पण तापलेल्या धातूनं त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती कास्टिंगमध्येच अडकते, हे त्यांना कुणी कधी समजावलंच नव्हतं, आमच्याकडनं नुसत्या शिव्या. सरांनी आम्हा सुपरवायझर लोकांनाच शिकवायला उभं केलं: आधी माणसाला निवांत करा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडनं करून घ्या, नंतर परत येऊन बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या माणसांना लवकर तयार करायला हीच पद्धत वापरली म्हणे. मी तर करून दाखवण्यातच घाई करत होतो, ते चारचौघांत कळलं, पण सर ओरडले नाहीत आणि पोरांनी ते बघितलं. आता माती बिघडली की ऑपरेटर लपवत नाही, स्वतः येऊन सांगतोय. फेटलिंगचे (कास्टिंग घासून साफ करतात तिथले) एक जुने मामा, कधी मिटिंगला तोंड उघडायचे नाहीत, ते आता नव्या पोराला जवळ घेऊन ग्राइंडर धरायला शिकवतात, लय बरं वाटतं बघून.

सरांनी हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं 1959 चं म्हणणं पण सांगितलं, पगार आणि सोयी नसल्या की माणूस नाराज होतो पण खरं समाधान कामातनं, शिकण्यातनं, कौतुकातनं येतं. पटलं मला. पण भट्टीजवळ पंखा आणि गार पाणी नसेल तर शिकायला डोकं चालत नाही, हे मालकांनी पण ऐकावं.

एक स्टार का कापला तर सर महिन्यानं परत येऊन बघतो म्हणाले ते आलेच नाहीत, दोनदा फोन केला मी. आणि कंत्राटी पोरांना बसवलंच नाही, त्यातली निम्मी हिंदी बोलणारी, पोअरिंगला (वितळलेला धातू साच्यात ओतायला) तीच असतात. कुणी असलं ट्रेनिंग घेणार असाल तर ह्या दोन गोष्टी पैसे द्यायच्या आधी लिहून घ्या, आणि एक दिवस रात्रपाळीला ठेवायला सांगा.