पुरुषाच्या छातीतली गाठ: स्वयंचलित सोनोग्राफी की नेहमीची?

पुरुषांनाही स्तनाच्या तक्रारी होतात, हे अनेकांच्या गावीही नसतं. स्तनाग्रामागे काही टणक लागलं की आधी संकोच, मग थेट कॅन्सरची धास्ती. बहुतेक वेळा निघतो तो गायनेकोमास्टिया, म्हणजे स्तनग्रंथीची साधी वाढ. हार्मोन्सचा बिघडलेला तोल, स्पायरोनोलॅक्टोनसारखं औषध किंवा शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड्स ही त्याची ओळखीची कारणं. तरी एकूण स्तनकर्करोगांपैकी सुमारे १ टक्का कर्करोग पुरुषांमध्ये आढळतात, तेव्हा तपासून घ्यायलाच हवं.

स्वयंचलित सोनोग्राफीच्या यंत्रात साधारण १५ सेंमी रुंदीचा प्रोब (ध्वनिलहरी सोडून चित्र टिपणारा भाग) छातीवर टेकवतात. तो आपोआप सरकत एकेका भागाची सलग चित्रं घेतो आणि संगणक त्यातून समोरून पाहिल्यासारखा छेद तयार करतो. गाठ आजूबाजूचा भाग आत ओढत असेल, तर या छेदात ते ठळक दिसतं. सगळं साठवलेलं असल्याने वाढ किती पसरली, काही महिन्यांनी किती ओसरली, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतं. हा फायदा खराच मोठा आहे.

पण अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवरची सरकारी नियामक संस्था) २०१२ मध्ये या तंत्राला मान्यता दिली ती दाट, म्हणजे चरबी कमी आणि ग्रंथी जास्त असलेल्या स्तनांच्या, तक्रार नसलेल्या स्त्रियांसाठी, मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रेच्या) जोडीला. पुरुष येतो तो बहुधा गाठ घेऊनच. सपाट छातीवर रुंद प्रोबच्या कडा उचलल्या जातात, केसांत हवा अडकते (जेल कितीही ओता), आणि चित्रात स्तनाग्राची सावली नेमकी पुरुषांच्या दुखण्याच्या जागेवर पडते. काख नीट दिसत नाही, तपासणीसाठी तुकडा काढायला सुई घालायची सोय नाही.

नेहमीच्या सोनोग्राफीत तुम्ही बोट ठेवाल तिथेच डॉक्टर प्रोब ठेवतात, तिरका करून स्तनाग्रामागे पाहतात, रक्तप्रवाह आणि काखही तपासतात. गरज पडली तर त्याच प्रोबखाली बायोप्सी. उणीव एकच, सारं तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून.

माझं मत विचाराल तर गाठ हाताला लागत असेल तेव्हा नेहमीचीच सोनोग्राफी. वय २५ किंवा जास्त असेल तर आधी मॅमोग्राफी. निदान झालेल्या गायनेकोमास्टियावर लक्ष ठेवायला स्वयंचलित यंत्र चालेल. मात्र गाठ स्तनाग्राच्या एका बाजूला असेल, स्तनाग्र आत ओढलं गेलं असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर त्या यंत्राच्या नादी न लागता लवकरात लवकर मॅमोग्राफी आणि काखेसह नेहमीची सोनोग्राफी करून घ्या.