गुटी बांधायच्या प्लॅस्टिक गोळ्या: लिंबाला पहिला नंबर, तमालपत्राचं काही खरं नाही

पाचपैकी तीन तारे देतेय. त्यातला एक खरं तर माझ्या कढीपत्त्याचा आहे.

लातूरला आमची खानावळ आहे, रोज साठ-सत्तर डबे जातात. सगळी फोडणी परसातल्या एका कढीपत्त्यावर. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा हे झाड भांडी विसळलेल्या पाण्यावर तगलं. आता भाऊजींनी वर मजला काढायचं ठरवलं आणि एक कॉलम नेमका झाडाच्या बुडात आला. कढीपत्त्याला मुळातून फुटवे येतात, ते खणून लावले असते तर प्रश्नच नव्हता. पण आमच्या परसात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. फुटवा येणार कुठून? फळं पिकली की बुलबुल ठेवत नाहीत, त्यामुळे बियाही हाती लागत नाहीत. राहिली गुटी, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल काढून तिथं मुळं फोडायची आणि मग ती कापून लावायची.

पुतण्यानं मोबाईलवर या गोळ्या मागवून दिल्या. मधला आकार, दहाचा संच, 280 रुपये. पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, एका कडेला बिजागरी, दुसरीकडे खटकन बसणारी खिट्टी, वर-खाली फांदीपुरतं भोक. आत ओलं शेवाळ भरून फांदीवर मिटायची. खोक्यावरच्या चित्रात गोळी शेवाळानं गच्च भरलेली आहे. खोक्यात शेवाळाची काडी नाही.

घरात कोकोपीट होतं, तेच भरलं. तेही मे महिन्यात! लातूरचं ऊन, चार दिवसांत आतला भुसा खडखडीत. इथवर दोष माझा, गोळीचा नाही. रोज पाणी घालून तीन आठवडे रेटलं, मग उघडून बघते तर मुळं नाहीतच, उलट सोललेल्या जागी वरची आणि खालची साल पुन्हा एकमेकींना भिडायला लागलेली. माझा मावसभाऊ डाळिंबवाला. डाळिंबाची कलमं गुटीनंच होतात, त्यामुळे त्याचा हात त्यात बसलेला. तो बघायला आला आणि हसायलाच लागला.

"अक्का, काय करायलीस हे? साल काढलीस, पण खालचा बुळबुळीत थर तसाच ठेवलास की. झाडानं जखम शिवून घेतली."

मग त्यानं माझ्यासमोर एक फांदी केली. पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची. एक इंच साल गोल काढली आणि चाकूच्या पाठीनं आतलं लाकूड कोरडं लागेपर्यंत खरवडलं. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं. वाट तोडली की ते वरच्या कडेला साचतं आणि मुळं तिथूनच फुटतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून चढत राहतं, म्हणून फांदी वाळत नाही. मुळं फुटायची पावडर वरच्या कडेला लावायची ती यासाठी. मी आपली सगळीकडे हळदीसारखी फासली होती.

दुसऱ्या खेपेला मृगाचा पाऊस पडू दिला. नर्सरीतून शेवाळ आणलं, रात्रभर भिजवलं आणि मुठीत दाबून एक थेंब पडेनासा होईतो पिळलं. सहा गोळ्या कढीपत्त्यावर, दोन लिंबावर, दोन तमालपत्रावर.

गोळीचं खरं सुख एवढंच की कधीही उघडून बघता येतं. पस्तिसाव्या दिवशी लिंबाची उघडली तर शेवाळातून पांढरी, शेवयांसारखी मुळं बाहेर येऊन वाटीच्या भिंतीला टेकलेली, टोकं जरा पिवळसर. हातातलं पीठ तसंच ठेवून सासूबाईंना हाक मारली. पॉलिथिनच्या गुटीत एवढं उघडझाप करता येत नाही.

आता तक्रारी. दहापैकी दोन खिट्ट्या पहिल्या महिन्यातच तुटल्या, त्या सुतळीनं बांधल्या. भोक फांदीपेक्षा मोठं, तिथून ओल उडते. मी चिंध्या कोंबल्या आणि पावसानं ओढ दिली की सुई काढलेल्या सिरिंजनं पाणी सोडलं. पारदर्शक असल्यानं आत उजेड जातो, मुळांना तो नको असतो आणि भिंतींवर हिरवं धरतं. त्यावर डब्यांच्या पोळ्या गुंडाळायची चांदी चढवली. म्हणजे पारदर्शक घेऊन झाकायचं! काळ्या रंगाची मिळाली तर तीच घ्या. आणि वजन: भरलेली गोळी बारीक फांदीला वाकवते, वाऱ्यात हलते, नवी मुळं तुटतात. शेजारी काठी बांधाच.

मावसभावाला विचाराल तर हा सगळा खेळ आहे. त्याची पॉलिथिनची पट्टी आणि सुतळी फांदीमागे दोन-तीन रुपयांत होते, वर ती गच्च बसते. डाळिंबाच्या बागेत या गोळ्या कुणी लावणार नाही. घरच्या पाच-सहा फांद्यांसाठी, हात बसलेला नसेल तर, चालतात.

लिंबाच्या दोन्ही लागल्या, कढीपत्त्याच्या सहापैकी चार. फांदी एकदम कापली नाही. गोळीखाली आधी अर्धा काप, आठ दिवसांनी पूर्ण. निम्मी पानं काढून कुंड्या जिन्याखाली सावलीत ठेवल्या. चारांतलं एक मी घाईनं उन्हात नेलं, ते गेलं. तमालपत्राच्या सालीला वरच्या कडेला नुसती गाठ आलीय, मुळाचा पत्ता नाही. येळवस (आमच्याकडची मार्गशीर्षातली वेळ अमावस्या) होऊन गेली तरी त्या दोन गोळ्या अजून झाडावरच आहेत, काढायचं मन होत नाही.

भाऊजींचा कॉलम उभा राहिला. तीन कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात आहेत, आणि खानावळीला सध्या कढीपत्ता मंडईतून विकत येतोय, वास नसलेला.