दरवेळी बक्षीस की कधीमधी?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर याच्या प्रयोगाच्या पेटीतला उंदीर दांडी दाबतो आणि दाणा मिळतो, दरवेळी मिळाला तर तो ही सवय पटकन शिकतो, म्हणून कुत्र्याला 'बस' शिकवायचं असो की पोराला शू सांगायला, सुरुवातीला हाच मार्ग बेस्ट. प्रॉब्लेम एवढाच की दाणे बंद झाले की दाबणंही लवकर थांबतं.

कधीमधी मिळणाऱ्या बक्षिसाचं उलटं. शिकायला वेळ लागतो पण एकदा सवय बसली की जाता जात नाही. स्किनरला ही कल्पना सुचली तीसुद्धा एका शनिवारी दाणे कमी पडतील असं दिसलं म्हणून! पुढे त्याने आणि त्याचा सहकारी फर्स्टर याने कबुतरांवर भरपूर काम केलं, ते 1957 मध्ये छापून आलं. किती टोचांनंतर दाणा येईल हे ठरलेलं नसेल तर कबुतर जवळपास न थांबता टोचत राहतं, स्लॉट मशीनपुढे बसलेल्या माणसाचंही तेच होतं.

माझ्या मते शिकवताना दरवेळी द्यावं, मग हळूहळू कमी करावं. पण रडून मोबाईल मागणाऱ्या मुलाला बऱ्याचदा नाही म्हणून मधूनच एकदा दिला तर ते रडणं अजून पक्कं होतं, आणि खरंच बंद केलात तर सुरुवातीला थोडे दिवस रडणं वाढू शकतं, तेव्हाच आईबाबांनी टिकून राहायला हवं.