एमसीआर चपला : बधिर तळव्यांसाठी

कुष्ठरोगाचे जंतू बहुविध औषधोपचाराने मरतात. परंतु निकामी झालेल्या मज्जातंतूंची संवेदना बहुधा परत येत नाही, त्यामुळे औषधे संपल्यावरही पायात काय घालावे हा प्रश्न उरतोच. माझे मामा यासाठी मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजेच एमसीआरच्या चपला वापरतात. पात्र रुग्णांना शासकीय कार्यक्रमातून वर्षाला २ जोड मोफत मिळतात.

चपलेचा आतला थर अंगठ्याने दाबला की सहज दबतो आणि हात काढताच वर येतो, त्यामुळे चालताना भार एकाच जागी न येता तळव्यावर पसरतो. खालचा तळ मात्र काटा किंवा काच आरपार जाऊ नये इतका टणक आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्यात एकही खिळा नाही, कारण वर आलेला खिळा बधिर पायाला टोचला तरी जाणवत नाही. फरशीवर रक्ताचे ठसे उमटले की मगच कळते. साधी चप्पल पायातून निसटली तरी मामांना पत्ता लागत नसे. मागच्या पट्ट्यामुळे ती अडचण मिटली.

पावसाळ्यात मात्र वेल्क्रोत चिखल भरतो आणि पट्टा धरत नाही. रूपही ओबडधोबडच; लग्नकार्याला मामा ती घालायला कुरकुरतात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असे मला वाटत नाही. बोटे वाकलेल्या किंवा तळव्याला व्रण असलेल्या पायाला हा तयार जोड पुरत नाही, मापाचे पादत्राण करून घ्यावे लागते. टाचेखालचे रबर दबून तसेच राहू लागले, की जोड बदलावा.