शंभर सामन्यांची वही: बेसबॉलच्या नव्या हंगामासाठी घेतलेल्या स्कोअरबुकचे परीक्षण

मार्चच्या अखेरीस मेजर लीग बेसबॉलचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचा, हंगाम सुरू होतो आणि त्याच्या आठ-दहा दिवस आधी मी दरवर्षी नवे स्कोअरबुक, म्हणजे सामन्याची नोंद हाताने लिहिण्याची वही, घेते. या वर्षीचे स्कोअरबुक आडव्या आकाराचे, तारेच्या बांधणीचे आणि जाड पुठ्ठ्याचे आवरण असलेले आहे. ते उघडले की डाव्या पानावर पाहुणा संघ आणि उजव्या पानावर यजमान संघ येतो, आणि अशी शंभर सामन्यांची जागा त्यात आहे. पहिल्या दोन आठवड्यांत मी त्यात अकरा सामने लिहिले. त्यांपैकी दोन मैदानात बसून, चार दूरचित्रवाणीवर पाहून आणि पाच रेडिओवर ऐकून लिहिले, त्यामुळे या वहीत काय साधले आहे आणि काय राहून गेले आहे हे सांगण्याइतका अनुभव आता गाठीशी आहे.

ज्यांनी क्रिकेटचे गुणलेखन पाहिले आहे त्यांना बेसबॉलचे पान सुरुवातीला अनोळखी वाटेल. क्रिकेटच्या वहीत प्रत्येक चेंडूवर काय झाले हे फलंदाजाच्या आणि गोलंदाजाच्या नावापुढे नोंदवले जाते. बेसबॉलच्या पानावर मात्र उभ्या बाजूने फलंदाजांची नावे असतात, आडव्या बाजूने डाव असतात, आणि दोन्ही जिथे छेदतात त्या चौकटीत तो फलंदाज कुठवर पोहोचला आणि त्याला कोणी, कसे बाद केले याची सगळी हकिकत लिहायची असते. त्यासाठी प्रत्येक क्षेत्ररक्षकाला जागेनुसार क्रमांक असतो: चेंडू टाकणारा पिचर १, फलंदाजामागे बसून तो झेलणारा कॅचर २, पहिला, दुसरा आणि तिसरा बेस (धाव घेताना क्रमाने गाठायचे थांबे) सांभाळणारे अनुक्रमे ३, ४ आणि ५, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि मागच्या मैदानातले तिघे ७, ८ आणि ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोन खेळाडू बाद झाले, तर त्या सगळ्या धावपळीची नोंद ‘६-४-३’ एवढ्यात होते. या पद्धतीच्या मुळाशी हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) यांचे काम आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले चॅडविक न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत क्रिकेटचे वार्तांकन करत असताना बेसबॉलकडे वळले. स्ट्राइकआउटसाठी (मारताना हुकलेला किंवा सोडून दिलेला योग्य चेंडू म्हणजे स्ट्राइक, आणि असे तीन झाले की फलंदाज बाद) ‘के’ हे इंग्रजी अक्षर त्यांनीच रूढ केले, कारण ‘स्ट्रक’ या शब्दाचे ते शेवटचे अक्षर आहे. तिसऱ्या स्ट्राइकवर फलंदाजाने बॅट फिरवलीच नाही, तर तेच अक्षर उलटे काढायचे, ही नंतरची आणि मला अतिशय आवडणारी भर आहे.

बाजारातल्या स्कोअरबुकांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. एका प्रकारात प्रत्येक चौकटीत बेसचा हिऱ्यासारखा आकार ठळक छापलेला असतो आणि भोवती एकेरी आणि दुहेरी (एक किंवा दोन बेस मिळवून देणारे फटके), होमरन (थेट धाव मिळवून देणारा फटका), वॉक (चार बॉल, म्हणजे कक्षेबाहेरचे चेंडू, सोडल्यावर मिळणारा पहिला बेस) अशी आद्याक्षरे दिलेली असतात, ज्यांना फक्त गोल करायचा असतो. दुसऱ्या प्रकारात चौकट जवळजवळ कोरी असते. मी घेतलेली वही या दोहोंच्या मधली आहे: हिऱ्याचा आकार आहे, पण इतक्या फिकट करड्या रंगात की त्यावर पेन्सिलीची रेघ सहज उठून दिसते, आणि कोपऱ्यात बॉल व स्ट्राइक मोजण्यासाठी तीन आणि दोन बारीक घरे आहेत. माझ्या मते ही या वहीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ठळक छापलेली चौकट नवशिक्याला आधार देते हे खरे; परंतु दोनच आठवड्यांत ती अडचण होऊ लागते, कारण बेसबॉलमध्ये ज्या गोष्टी लक्षात ठेवाव्याशा वाटतात त्या बहुधा छापील आद्याक्षरांच्या बाहेरच्या असतात.

वही हाती आली त्या संध्याकाळी हंगाम सुरू व्हायचा होता, म्हणून सरावासाठी मी पहिल्या पानावर १५ एप्रिल १९४७ या दिवसाची एक ओळ उतरवली. ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर हंगामाचा पहिला सामना होता आणि त्या दिवशी जॅकी रॉबिन्सन यांनी मेजर लीगमध्ये पदार्पण करून कृष्णवर्णीय खेळाडूंना अनेक दशके बंद असलेले दार उघडले. फलंदाजीच्या क्रमात दुसरे, मैदानात पहिल्या बेसवर, म्हणजे नावापुढे ३. आकडेवारीच्या तक्त्यात त्यांच्या नावावर त्या दिवशी एकही हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारा फटका, नाही. पण सातव्या डावाची चौकट लिहायला घ्यावी, तर चित्र निराळे दिसते. बोस्टन ब्रेव्हज ३–२ असे पुढे होते. रॉबिन्सन यांच्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचा पहिला फलंदाज वॉकवर बेसवर पोहोचला, रॉबिन्सन यांनी बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढ्यात टाकला, बोस्टनच्या पहिल्या बेसवरच्या क्षेत्ररक्षकाची फेक भरकटली आणि दोघेही सुरक्षित राहिले. त्यानंतर पीट रायझर यांच्या डबलवर, म्हणजे दुहेरी फटक्यावर, दोघेही घरी, म्हणजे सुरुवातीच्या बेसवर, परत आले, डॉजर्सनी आघाडी घेतली आणि सामना ५–३ असा जिंकला. चौकटीत बंटची खूण, तिच्याखाली ‘ई-३’ ही क्षेत्ररक्षकाकडून झालेल्या चुकीची (एररची) नोंद, आणि चारही बाजू पुऱ्या करून आतून भरलेला हिरा एवढे सगळे बसले पाहिजे. या वहीत ते बसले आणि दुसऱ्या दिवशी वाचतानाही स्पष्ट होते. आद्याक्षरांना गोल करायच्या वहीत तीच चौकट गिचमीड होते, हे मी मागच्या वर्षीच्या वहीवरून सांगू शकते.

मात्र ही वही ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर आजचा खेळ पुरता नसावा. पिचरांसाठी प्रत्येक पानाच्या तळाशी फक्त चार ओळी आहेत. १६ एप्रिल १९४० रोजी शिकागोत क्लीव्हलँडच्या बॉब फेलर यांनी हंगामाच्या पहिल्याच दिवशी नो-हिटर टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिला नाही, आणि सामना १–० असा जिंकून दिला, त्या दिवसाला एक ओळ पुरली असती. आज सुरुवातीचा पिचर पाच-सहा डाव टाकून जातो आणि उरलेल्या डावांसाठी बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेतून, एकामागून एक खेळाडू येतात. एप्रिलमध्ये तर पिचरांचे हात अजून पूर्ण तयार झालेले नसल्याने व्यवस्थापक त्यांना अधिकच लवकर बदलतात. माझ्या अकरा सामन्यांपैकी सहा सामन्यांत मला समासात ओळी आखाव्या लागल्या. त्याउलट बदली फलंदाजांसाठी प्रत्येक नावाखाली दोन-दोन रिकाम्या ओळी आहेत. पिचरांना फलंदाजी करावी लागत असे तोवर त्यांची गरज होती, पण २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही विभागांत (लीगमध्ये) पिचरऐवजी नेमलेला फलंदाज खेळतो, त्यामुळे त्या बहुतेक कोऱ्याच राहतात. तीच जागा खाली वळवली असती तर पान आजच्या खेळाला नेमके बसले असते. जपानचे खेळाडू शोहेई ओटानी पिचर आणि नेमलेला फलंदाज या दोन्ही भूमिकांत उतरतात तेव्हा एकाच नावाला पानावर दोन ठिकाणी जागा लागते, आणि ही नोंद कशी करावी याचे दोन ओळींचे मार्गदर्शन वहीच्या सुरुवातीच्या सूचनांत असायला हवे होते. त्या सूचना एरवी चांगल्या, नेमक्या भाषेत लिहिलेल्या आहेत.

नऊ डावांनंतर बरोबरी राहिली की होणाऱ्या ज्यादा डावांच्या बाबतीतही हीच अडचण येते. वहीत बारा डावांचे रकाने आहेत आणि ते पुरेसे आहेत, कारण २०२० पासून साखळी सामन्यांत दहाव्या डावापासून प्रत्येक संघाचा एक खेळाडू आधीच दुसऱ्या बेसवर उभा असतो आणि सामने लवकर निकाली निघतात. पण तो खेळाडू तिथवर पोहोचला कसा, याचे उत्तर चॅडविक यांच्या पद्धतीत नाही. तो हिटवर आलेला नसतो, वॉकवर नाही आणि चुकीमुळेही नाही. मी त्याच्या चौकटीत पहिल्या दोन बाजू तुटक रेषेने काढते. फिकट छपाईमुळे तुटक रेषा आणि सलग रेषा यांतला फरक नीट दिसतो, एवढे श्रेय वहीला दिलेच पाहिजे.

कागदाबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या हंगामात खोडरबराला पूर्वीपेक्षा जास्त काम आहे. २०२६ पासून फलंदाज, पिचर किंवा कॅचर डोक्याला हात लावून पंचांच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो. प्रत्येक संघाला अशी दोन आव्हाने मिळतात, आणि आव्हान बरोबर ठरले तर ते शिल्लक राहते. गुणलेखकासाठी याचा अर्थ असा, की कागदावर उतरलेला उलटा ‘के’ काही क्षणांत पुसावा लागू शकतो. त्यातच पिचरला चेंडू टाकायची मुदत घालणाऱ्या पिच क्लॉकमुळे वेळ कमी झाला आहे: बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, खेळाडू बेसवर असतील तर १८ सेकंद. हे घड्याळ २०२३ मध्ये आले आणि नऊ डावांच्या सामन्याची सरासरी वेळ सुमारे ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. प्रेक्षक म्हणून मला हा बदल मनापासून आवडला, पण लिहिणाऱ्याच्या हाताला पूर्वीची उसंत राहिलेली नाही. अशा घाईत खोडताना पातळ कागद चुरगळतो किंवा फाटतो. या वहीचा कागद जाडसर आणि किंचित खरखरीत आहे, त्यावर मऊ शिशाची पेन्सिल न घसरता चालते, आणि एकाच चौकटीत तीनदा खोडूनही आखलेल्या रेषा पुसट झाल्या नाहीत. शाईच्या पेनाने मात्र मागच्या बाजूला डाग उमटतात, त्यामुळे पेनाने लिहिणाऱ्यांनी ही वही घेऊ नये.

मैदानातले दोन्ही सामने मी शिकागोच्या रिग्ली फील्डवर पाहिले. एप्रिलमध्ये तिथल्या भिंतीवरच्या वेली अजून निष्पर्ण असतात, मिशिगन सरोवराकडून येणारा वारा हातमोज्यांतूनही बोचतो, आणि समोरचा धावफलक १९३७ पासून हाताने चालवला जातो. आतल्या कर्मचाऱ्याने आकड्याची पाटी बदलावी आणि त्याच क्षणी आपणही तो आकडा आपल्या रकान्यात लिहावा, यात मला होणारा आनंद दूरचित्रवाणीसमोर कधीच होत नाही. पण त्या वाऱ्यात वहीचा सर्वांत मोठा दोष उघड झाला. पाने दाबून ठेवायला रबरी पट्टी नाही, क्लिप नाही, पेन्सिल अडकवायला जागा नाही. डाव बदलताना मी कोपराने पान धरून ठेवत होते, आणि तिसऱ्या डावात पान उलटल्याने एक फलंदाज चुकीच्या संघात लिहिला गेला. तारेची बांधणी असल्यामुळे वही मागे दुमडून मांडीवर ठेवता येते ही सोय आहे, पण दुमडली की दुसऱ्या संघाचे पान दिसेनासे होते, आणि ज्यांना दोन्ही पिचरांची तुलना करत बसायला आवडते त्यांची त्यामुळे पंचाईत होते.

रेडिओबरोबर मात्र ही वही फार उत्तम जमते. निवेदक प्रत्येक चेंडू शब्दांत सांगत असतो, टेबलावर दोन्ही पाने सपाट उघडी राहतात, आणि हंगामाच्या सुरुवातीला संघात आलेली नवी नावे स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय माझ्या तरी लक्षात राहत नाहीत. ज्यांना गुणलेखन शिकायचे आहे त्यांनी पहिले पाच-सहा सामने दूरचित्रवाणीवर पाहून लिहावेत, बॉल-स्ट्राइकची बारीक घरे तोवर रिकामी सोडावीत, आणि मग रेडिओकडे वळावे.

किंमत वीस डॉलरच्या आत आहे आणि शंभर सामन्यांच्या मानाने ती वाजवी आहे. एका संघाचे सगळे १६२ सामने लिहायचे ठरवले, तर जुलैच्या मध्यावरच्या ऑल-स्टार सामन्यासाठीच्या विश्रांतीच्या आसपास ही वही संपेल. मी दुसरी प्रत मागवून ठेवली आहे आणि तिच्यासोबत रुंद रबरी पट्ट्यांचे एक पाकीटही. त्या प्रतीच्या पानांवर पिचरांसाठी दोन जादा ओळी मी आताच, हंगाम रंगात येण्यापूर्वी, पट्टी घेऊन आखून ठेवत आहे.